वाळूवरची साय

बायजाबाई उमरेडच्या एसटीतून बोरडोहच्या फाट्यावर उतरली तेव्हा तिच्या अंगावर दीक्षाभूमीची धूळ होती आणि मनात कोणाबद्दल काही वाईट नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर गावानं म्हणायला कमी केलं नाही की बाई नागपूरहूनच भांडण घेऊन आली. काही नाही! दरवर्षी दसऱ्याला जाते तशी गेली होती, पांढरं लुगडं नेसून, भाकरी-चटणी बांधून. दोन रात्री मैदानात लाखो माणसांत झोपली, रांगेत उभी राहून वंदन केलं आणि शुक्रवारी दुपारच्या गाडीनं परत आली. भांडण गावानंच तिच्यासाठी रांधून ठेवलं होतं.

फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या जाड रेघा मारल्या होत्या. उद्या कोणी मोठे पुढारी गावात येणार, हे तिला ठाऊक होतं. चुना मारला असेल, म्हणून ती चालत राहिली. दहा पावलं गेली आणि वास आला. तो वास बायजाबाईला झोपेतही ओळखू आला असता. ती खाली बसली, चिमूटभर उचलून नाकाशी नेलं. ब्लिचिंग पावडर! चमच्यानं मोजून, बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची, असं ती ते औषध जपून वापरत होती. दिवाळीपर्यंत पुरायचं होतं. ते रस्त्याला फासलं होतं.

"सत्यानास झाला तुमचा," ती रस्त्यालाच म्हणाली आणि लुगड्याचा काचा आवळून भराभर तलावाकडे निघाली. औषध रस्त्यावर, तर फिल्टरचं काय केलं असेल मेल्यांनी?

जे केलं होतं ते तिच्या भीतीपेक्षा वाईट होतं.

तलावाच्या काठावर दोन सिमेंटचे हौद होते, एकेक खोलीएवढा. त्यांत कंबरभर बारीक वाळू, खाली गिट्टी. तलावाचं पाणी या वाळूतून हळूहळू झिरपायचं, गाळलं जाऊन टाकीत पडायचं, आणि टाकीतून गावच्या नळाला जायचं. गाव त्याला फिल्टर म्हणायचं. बायजाबाई चार वर्षांपासून तो चालवत होती. आता दोन्ही हौदांच्या भिंती चुन्यानं पोतारलेल्या होत्या, कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आणि हौदातली वाळू चमकत होती. वरचा हिरवा-काळा थर गायब. काठावर ओल्या पोत्यांचा ढीग आणि वाळू धुतल्याचं गढूळ पाणी. ग्रामपंचायतीचा शिपाई शालिकराम गुडघाभर ओला होऊन हसत उभा होता.

"आली का वं मावशी? पाहाय! दिवाळीले घर काढतो तसं आमी फिल्टर काढलं. वरचं सारं लिबलिबीत खरवडलं, वाळू उपसून चार पाण्यानं धुतली न परत भरली. तू चार वर्सांत एवढं साफ नाही केलं."

"दोन्ही?"

"आँ?"

"दोन्ही हौद धुतले का रे, मुडद्या?"

"हाव न. एक साफ न एक घाण, असं बरं दिसते का पाहुण्यासमोर?"

बायजाबाईनं हातातली पिशवी फेकली. ती शालिकरामाला लागली नाही, पण तो मागे सरकला. "अरे, थे घाण नव्हती! थे साय होती, साय! तिच्याच जीवावर गाव पाणी पिते. मी दोन दिवस गेली त तुमी गावाचा गळा कापून ठेवला!"

शालिकराम बिचारा आणखीच गोंधळला. दोन दिवस राबला होता तो. त्यानं आपल्या आईला दर दिवाळीला घर सारवताना पाहिलं होतं, भिंती पोतारताना, भांडी चिंचेनं घासताना. जे काळं ते घाण, जे पांढरं ते साफ. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? हे ज्याला हौदाचं मर्म ठाऊक नाही त्याला कसं कळावं! पण ज्यानं हुकूम दिला त्याला चार वर्षांत विचारायला तोंड नव्हतं का, याचा राग बायजाबाईच्या मस्तकात गेला.

तो थर काय होता ते तिला मनोहरराव साहेबांनी शिकवलं होतं. सत्त्याहत्तर साली नागपूरचा हा तरुण इंजिनियर गावात येऊन राहिला, फिल्टर बांधला, आणि तो चालवायला माणूस मागितला. रोज दोनदा पाण्याची उंची पाहायची, वाल थोडा थोडा फिरवायचा, पाण्याच्या गढूळपणावर लक्ष ठेवायचं, असलं चिकाटीचं काम. गावातल्या गड्यांना त्यात रुबाब दिसला नाही. बायजाबाई मात्र हौदाच्या गवंड्यांना विटा देत होती आणि प्रत्येक गोष्टीला काहून म्हणून विचारत होती. साहेब म्हणाले, ही बाई चालेल. गावात कुजबुज झाली. बौद्धपुऱ्यातली बाई, तिच्या हातचं पाणी पाटलांच्या आळीनं प्यायचं? साहेबांनी हात जोडून सांगितलं, बाई पाण्याला हातच लावत नाही हो, ती फक्त लोखंडी चाक फिरवते. लोखंडाला कुठे जात असते! लोक हसले, आणि गप्प बसले.

"बाई," साहेब सांगायचे, "वाळूवर जो बुळबुळीत थर धरतो त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते रोगाचे जंतू खातात. वाळू नुसती पाणी गाळते, शुद्ध करतो तो थर. विरजण लागायला रात्र लागते, तसे याला तीन आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही स्वच्छ दिसो, वाहून जाऊ द्यायचं. आणि दोन हौद काहून आहेत? एक खरवडला की दुसरा चालू. दोन्ही कधीच एकदम नाही!" बायजाबाईनं त्या थराला साय नाव दिलं. साहेबांना ते फार आवडलं होतं.

साय, विरजण, तीन आठवडे. एवढं सगळं पाठ होतं तिला. आणि तरीही.

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. फिल्टर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा नवव्या दिवशी नळाचं पाणी काचेसारखं दिसायला लागलं होतं. साहेब नागपूरला गेले होते. चैताचं ऊन पडलं होतं. तिची सात वर्षांची शामला तिचा छोटा जर्मनचा, अॅल्युमिनियमचा गिलास घेऊन आली, म्हणाली, माय, तुह्या मशिनीचं पाणी दे न वं. आणि बायजाबाईला भारी गर्व चढला. ज्या गावात तिच्या मायला विहिरीच्या काठाशी उभं राहू देत नव्हते, त्या गावाच्या पाण्याचा पहिला गिलास तिच्या लेकीचा! भरला आणि दिला. तिसऱ्या दिवशी हगवण-ओकारी. उमरेडच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच लेकरू थंड पडलं. नवरा देवाजी खाणीतल्या धुळीनं आधीच गेला होता. गावानं विचारलं तेव्हा बायजाबाईनं सांगितलं, पोरीनं नाल्याचं पाणी पिलं जी. साहेबांनाही तेच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर फिल्टर बंद पडला असता, असं तिनं स्वतःला समजावलं. तेही अर्धंच खरं होतं. शरम वाटत होती तिला, स्वतःची किळस येत होती.

म्हणून ती चमकणारी वाळू तिला पाहवत नव्हती. पण बसून राहायची ती वेळ नव्हती. ती सरळ सरपंच चंपतरावांच्या घरी गेली.

चंपतराव छपरीत बसून हार मोजून घेत होते. पांढऱ्या टोपीला कडक इस्त्री, मिशीला तेल. पुढच्या साली जिल्हा परिषदेचं तिकीट मिळवायचं होतं त्यांना. उद्या येणारे पुढारी असे फिल्टर गावोगावी बांधायचे म्हणून नमुना पाहायला येणार होते.

बायजाबाई अंगणातूनच बोलली, "पाटील, उद्या नळ खोलू नोका."

"काहून?"

"दोन्ही हौदाची साय गेली जी. आता एकवीस दिवस पाणी वाया सोडा लागते. पावडर बी तुमी रस्त्याले मारली. कोणी पिलं त हगवण लागन. लेकरं मरतीन, पाटील."

चंपतराव हसले. "ऐका! काल शेवाळाखालचं पाणी गावाले पाजत होती थे चांगलं, न आज वाळू धुतली त पाणी नासलं! का वं बायजे, पाहुण्याले का शेवाळ दाखवू?"

"दाखवा! थेच त दाखवाचं हाये! थे नाही त हे दोन हौद म्हैस धुवाचे टाके हायेत नुसते!"

"आवाज खाली कर. उद्या शाळेचे पोट्टे रांगेत उभे राहतीन, नळाचं पाणी पितीन, पेपरात फोटो येईन. झालं. मंग तू तुहे एकवीस दिवस मोजत बस."

"एक दिवस पुरते मराले."

"बायजे!" चंपतरावांनी हार खाली ठेवला. "तुले चाक फिरवाले ठेवलं, अक्कल शिकवाले नाही. गाव तुह्या हातचं पाणी पिते, याचे उपकार मान. शालिकरामाजवळ चावी देऊन दे. उद्या तू तिथं दिसू नोको."

बायजाबाईच्या तोंडाला कोरड पडली होती. सकाळपासून घोटभर पाणी नव्हतं, त्यात हा अपमान. दाराआड उभ्या असलेल्या सुनेला, वच्छलेला, ते दिसलं असावं. चंपतराव आत गेले तशी ती तांब्या घेऊन आली आणि वरूनच बायजाबाईच्या ओंजळीत पाणी सोडलं. वरूनच! पण दिलं, हेही नसे थोडके. बायजाबाईनं दोन घोट घेतले आणि थांबली. पाणी खारट होतं. तलावाचं पाणी गोड. खारं पाणी गावात एकाच ठिकाणी, पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीत.

"वच्छला, हे विहिरीचं होय न वं?"

वच्छलेनं मान खाली घातली. "आमच्या घरात थेच असते, काकी. मामाजीचा हुकूम हाये. नळाचं पाणी नुसतं ढोराले न भांड्याले."

"कधीपासून?"

"नळ आला तवापासून पाहून राहिली मी."

चार वर्षं! चार वर्षं हा माणूस पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभा राहून सांगत होता की आमच्या गावात एकच पाणी, सगळ्यांना एकच पाणी. आणि घरात बैलगाडीनं पिंप आणून खारं पाणी पीत होता, कारण गोड पाण्याचं चाक बायजाबाई फिरवत होती. तिला एकदम हसू आलं, कडू, थुंकण्यासारखं हसू. मग तिनं चावी कमरेतून काढली आणि उंबऱ्यावर आपटली. चावी ठेवून उपयोग काय? शालिकरामाजवळ वाल फिरवायला दुसरा पाना होताच. ती गावभर घरोघरी सांगत फिरली, उद्या पोट्ट्यांना नळाला तोंड लावू देऊ नका. बायांनी ऐकून घेतलं. पण गुरुजींनी सांगून ठेवलं होतं की रांगेत जो पाणी पिईल त्याला पेढा. आणि सरपंचाशी वाकडं कोण घेणार!

शनिवारी दहाच्या सुमाराला दोन जीपा पांढऱ्या रेघांमधून धुरळा उडवत आल्या. बायजाबाईला दिसू नको म्हटलं होतं. ती सगळ्यांच्या आधी येऊन नळाच्या ओट्याशी बसली होती, तेच दसऱ्याचं पांढरं लुगडं नेसून. शालिकराम तिला उठ म्हणाला नाही. त्याची नजर वरच होत नव्हती. आदल्या संध्याकाळी तिनं त्याला साय म्हणजे काय ते पुन्हा नीट सांगितलं होतं, आणि या वेळी त्याच्या डोक्यात ते शिरलं होतं. कालपासून त्याला जेवण गेलं नव्हतं.

पुढारी उतरले. चंपतरावांच्या पाच वर्षांच्या नातवानं, नवा झब्बा घालून, त्यांना हार घातला आणि लगेच सावलीत आजीजवळ जाऊन बसला. नळासमोर पंधरा पोरं ओळीनं उभी, हातांत स्टीलचे नवे गिलास, उन्हात डोळे बारीक केलेले. बायजाबाईनं ओळ पाहिली. बौद्धपुऱ्यातली आठ, मजुरांच्या टोलीतली सात. पाटलांच्या आळीतलं एकही नाही. हार घालायला यांचा नातू, आणि मरायला आमचे!

चंपतरावांचं भाषण झालं. आमच्या गावचं पाणी, काचेसारखं पाणी, एका नळाखाली अठरापगड. पुढारी मान हलवत होते, मागे त्यांचा माणूस थर्मास काखेत घेऊन उभा होता. त्यात नागपूरहून आणलेलं त्यांचं पाणी होतं, हे त्यानंच सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. फोटोवाला पुढे झाला. चंपतरावांनी शालिकरामाला खूण केली. वाल फिरला, नळाला धार लागली, आणि खरंच, काय पाणी होतं! थेंब न थेंब लखलखत होता. ओळीतलं पहिलं पोरगं प्रयागबाईचं होतं, ती मजुरी करणारी बाई कडेला उभी राहून कौतुकानं पाहत होती. पोरानं गिलास भरला.

बायजाबाई उठली आणि तिनं तो गिलास त्याच्या हातून घेतला. हिसकावला नाही. घेतला, आणि चंपतरावांपुढे धरला.

"आधी तुमी प्या, पाटील."

"बाजूला सर," चंपतराव दातांतून बोलले.

"सरते न. तुमी पिलं की सरते. एवढं साफ पाणी हाये, एकच घोट घ्या."

फोटोवाल्यानं कॅमेरा तिकडे वळवला. पुढारीही हसून म्हणाले, "घ्या हो सरपंच, गावचा मान तुमचा."

चंपतरावांनी हात पुढे केला. गिलासावर बायजाबाईची बोटं होती, ओली, काळी, वालाच्या तेलाचे डाग असलेली. हात तिथेच थांबला. त्यांना जंतूंचं भय नव्हतं, त्यांचा जंतूंवर विश्वासच नव्हता. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "मले… मले आज शनिवारचा उपास हाये."

मग कडेहून प्रयागबाईचा आवाज आला, अगदी सरळ, जणू साधी गोष्ट सांगावी तसा.

"उपासाले पाणी चालते, पाटील."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पाटलांच्या छपरीत दर चार दिवसांनी उतरणारं पिंप सगळ्यांनी पाहिलं होतं. आज त्याचा अर्थ लागला. प्रयागबाई पुढे आली आणि तिनं पोराचं मनगट धरलं. "पाटील पीत नाही त माहा लेकरू काहून पिईन? चाल रे."

"ही बाई खोटारडी हाये!" चंपतराव ओरडले. "डोक्यावर पडली! काचेवानी पाणी हाये, तिले माह्यावर दावा काढाचा हाये!"

"काचेवानी!" बायजाबाई ओरडली, आणि गिलासातलं पाणी तिनं स्वतःच्या पायांशी ओतलं. तिचा आवाज फाटला होता. "असंच होतं काचेवानी! माही शामला नाल्याचं पाणी पिऊन नाही मेली. ऐका सारे! म्या पाजलं तिले. याच नळाचं, नवव्या दिवशी, माह्या या हातानं. साय लागली नव्हती, मले ठाऊक होतं, तरी बी पाजलं. पाणी चांगलं दिसत होतं म्हणून! चार वर्स खोटं बोलली मी तुमच्याशी. आता बोलत नाही. एकवीस दिवस या नळाले कोणी तोंड लावलं त माह्या मढ्यावरून जा लागन!"

धार तशीच पडत होती. शालिकरामानं वाल बंद केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एकेक बाई पुढे आली आणि आपापलं पोरगं ओळीतून काढून घेऊन गेली. पंधरा नवे गिलास ओट्यावर राहिले.

प्रयागबाई जाता जाता पुढाऱ्यांपुढे थांबली. "साहेब, मंग एकवीस दिवस आमी का प्याचं? पाटलाच्या मळ्यात विहीर हाये. थेच पितात थे."

पुढाऱ्यांना हे सगळं आवरायचं होतं. "हो हो, सरपंच विहीर खुली करतील. काय सरपंच?" म्हणाले, थर्मासातून दोन घोट घेतले आणि जीपमध्ये बसले. चंपतरावांना मान हलवावीच लागली.

आता कोणाला वाटेल की बायजाबाईचा जयजयकार झाला. कसला जयजयकार! सोमवारी तिच्या हातात कागद पडला: कामात कसूर, स्वतःच्या कबुलीनुसार मुलीच्या मृत्यूस कारणीभूत, सबब कमी करण्यात येत आहे. तिचं खरं तिच्याच गळ्यात बांधलं होतं. कागद लिहिताना चंपतरावांना एका शब्दाचीही अडचण आली नाही. बौद्धपुऱ्यातल्या दोन बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पोटच्या पोरीला मारून चार वर्षं तोंड वर करून फिरली म्हणाल्या. बायजाबाई स्वतःला रोज तेच म्हणत होती. आणि विहीर? विहीर खुली झाली. पण काठावर पाटलांचा गडी उभा, तो पाणी ओढायचा आणि वरून बायांच्या घागरीत ओतायचा. बायजाबाई तिकडे एकदाही फिरकली नाही. तलावाचं पाणी आणायची, चुलीवर खळखळ उकळायची, आणि तेच प्यायची.

नोकरी नव्हती, तरी ती रोज सकाळी फिल्टरवर यायची. नवा कामगार शालिकराम होता. ती कठड्यावर बसून सांगायची, तो करायचा. पाणी बारीक धारेनं सोड, वाया जाऊ दे. वाळू कोरडी पडू देऊ नोको. हात नोको घालू त्याच्यात, माकडा! तो निमूट ऐकायचा. त्यानंच हौदाच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली, दिवसाला एक. अकराव्या रेघेला वाळूवर पिवळसर झाक आली. पंधराव्याला ती हिरवी झाली. दिवाळीच्या दिवशी गावात दिवे लागले तेव्हा बायजाबाई काडी घेऊन हौदात वाकून पाहत होती, आणि काडीला बुळबुळ लागली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शालिकरामाला ती म्हणाली, डोळ्यात चुना गेला.

एकवीस रेघा भरल्या तो भाऊबीजेनंतरचा दुसरा दिवस होता. कशी कोण जाणे, गावाला बातमी लागलीच. नळाच्या ओट्याशी बायाबाप्ये जमले. दूर बाभळीखाली चंपतरावही येऊन उभे राहिले. फोटोवाल्याला पुन्हा बोलवावं का याचा अंदाज घेत असावेत. वच्छला आली, डोक्यावर रिकामी घागर, सासऱ्याकडे न पाहता.

शालिकरामानं वाल फिरवला. पाणी पडलं. त्या शनिवारी होतं तेवढंच स्वच्छ, रतीभरही जास्त नाही. डोळ्यांनी काहीच फरक कळत नव्हता, आणि तेच सगळ्यांना भिववत होतं. कोणी पुढे होईना.

बायजाबाईनं पदराखालून गिलास काढला. जर्मनचा, काठाला चेपलेला, लहान मुलाच्या हातात मावेल एवढा. तो तिनं धारेखाली धरला, भरला, आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. चार वर्षांपूर्वी हे एवढंच करायचं होतं. आधी आपण प्यायचं, मग थांबायचं. एवढी साधी गोष्ट होती ती, आणि तिची चीड तिच्या अंगात आजही जशीच्या तशी होती.

प्रयागबाईनं पोराला पुढे ढकललं. "आता पाजू न, बायजाबाई?"

"नाही," बायजाबाई म्हणाली आणि गिलास उपडा करून ओट्यावर ठेवला. "आज मी पिली. उद्या पिईन, परवा पिईन. चौथ्या दिवशी इथं मी उभी दिसली, त लेकराले पाज."